कोळंबीच्या सालांचा पडदा आणि मिथेनॉलचा इंधनघट

काचनळी

खरडवहीत दोघातिघांनी विचारलं, "ताई, त्या कोळंबीच्या सालांचं पुढे काय झालं?" चार ओळींत सांगून भागणार नाही, म्हणून हा धागा. लांबलाय. चहा घेऊन बसा.

मी रत्नागिरीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दोन मुलींनी प्रकल्पाला विषय मागितला, तेव्हा मला मिरकरवाडा बंदरावरचे सालांचे ढीग आठवले. त्या सालांपासून कायटोसान (लांब साखळ्यांचा एक नैसर्गिक पॉलिमर), कायटोसानचा पातळ पडदा, आणि तो पडदा मिथेनॉलवर चालणाऱ्या इंधनघटात. कागदावर फारच गोड दिसत होतं.

आधी घटाबद्दल थोडक्यात. एका बाजूला पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये पडदा. मिथेनॉलचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून कार्बन डायऑक्साइड, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन देतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात (तीच आपली वीज) आणि प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जाऊन ऑक्सिजनबरोबर पाणी बनवतात. हिशेबाने १.२ व्होल्ट मिळायला हवेत, प्रत्यक्ष कामावर असताना ०.३ ते ०.५ हाती लागतात.

पडद्याने तीन कामं करायची: प्रोटॉनला वाट द्यायची, इलेक्ट्रॉनला अडवायचं आणि मिथेनॉलला अडवायचं. पहिली दोन नाफिऑन उत्तम करतो. हा टेफ्लॉनच्या घराण्यातला, ड्यूपॉन्टचा १९६०च्या दशकातला पडदा. तिसऱ्यात तो नापास. त्याच्या आत पाण्याच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. प्रोटॉन त्यातूनच जातात, आणि मिथेनॉल पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे तेही त्याच वाटेने पलीकडे पोचतं. तिथे ते काही न देता जळतं आणि वर हवेकडच्या इलेक्ट्रोडचा व्होल्टेजही खाली ओढतं. म्हणून या घटात शुद्ध मिथेनॉल भरत नाहीत, साधारण ३ टक्क्यांचं पाणचट द्रावण भरतात.

कायटोसानमध्ये तसल्या नळ्या नसतात. साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात आणि अल्कोहोलपेक्षा पाण्याशी त्यांचं जास्त जमतं. इतकं, की अल्कोहोलमधलं पाणी काढायला कायटोसानचे पडदे वापरून पाहिलेले आहेत. म्हणून त्यातून मिथेनॉल कमी झिरपेल ही आशा.

आता स्वयंपाकघर. सालं धुऊन गच्चीत वाळवली. वाळवली म्हणजे मांजरांशी भांडत वाळवली. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली, तर इनो टाकल्यासारखी फसफसली. हा चुना निघून जातो, आणि कडक साल ओल्या प्लास्टिकसारखं लुळं पडतं. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं काढली. त्या दिवशी आख्ख्या मजल्यावर जो वास होता त्याबद्दल प्राचार्य अजून बोलतात. उरलं ते कायटिन. ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवलं की त्याच्यावरचे असिटिल गट बरेचसे सुटतात आणि कायटोसान होतं. झालं की नाही याची सोपी परीक्षा म्हणजे २ टक्के असिटिक आम्लात, म्हणजे पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये, विरघळायला हवं. आमचं विरघळलं, तांदळाच्या पेजेसारखं.

ती पेज गाळून काचेच्या बशीत ओतली आणि दोन दिवस वाळू दिली. पहिला पडदा एका बाजूला वर्खासारखा आणि दुसऱ्या बाजूला साबुदाण्याच्या पापडासारखा जाड. कारण ओटा तिरका. मग गवंड्याकडून पाणसळ आणली, बशीखाली कागदाच्या घड्या सारल्या, आणि दुसरा पडदा एकसारखा आला. पिवळसर, पारदर्शक, कुरकुरीत. आकाशकंदिलाला लावतो तो जिलेटीन पेपर डोळ्यासमोर आणा. (नाव जिलेटीन असलं तरी तो कागद सेल्युलोजचा असतो, म्हणजे कायटोसानचा चुलतभाऊच.)

मुलींनी कौतुकाने तो पाण्यात बुडवला आणि पाच मिनिटांत त्याचा शेंबूड झाला.

चूक माझी. वाळलेल्या पडद्यात असिटिक आम्ल शिल्लक असतं, म्हणून तो पाण्यात परत विरघळतो. आधी सौम्य कॉस्टिकमध्ये बुडवून ते आम्ल मारायचं, धुवायचं, आणि मग सल्फ्युरिक आम्लात ठेवायचं. इथे एक गंमत आहे. बहुतेक सौम्य आम्लांत विरघळणारं कायटोसान थंड सल्फ्युरिकमध्ये विरघळत नाही. सल्फेटला दोन ऋण प्रभार असल्यामुळे तो एका हाताने एका साखळीचा अमिनो गट धरतो आणि दुसऱ्या हाताने शेजारणीचा. पडद्याला टाके पडतात, आणि प्रोटॉनची ये-जाही त्याच ठिकाणी वाढते. एका आम्लात दोन कामं.

एका संशोधनसंस्थेतल्या मैत्रिणीने प्लॅटिनम-रुथेनियम (उत्प्रेरक) लावलेल्या कार्बन कापडाचे उरलेले तुकडे दिले. चार घट एकसर जोडले. एकेका घटावर ०.५२ व्होल्टच्या आसपास आले. भिंतीवरचं घड्याळ लावलं आणि शुक्रवारी दुपारी ते टिकटिकायला लागलं. मुली नाचल्या. मीही. सोमवारी सकाळी येऊन पाहिलं, तर घड्याळ शनिवारी पहाटे कधीतरी सव्वाचारला थांबलेलं.

का थांबलं ते नंतर लिहिते, आत्ता पेपर तपासायचेत.

---

सहजच

वा! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. शेंबूड वाचून फुटलो.

---

प्रश्नचिन्ह

ताई, शाळेतल्या पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र म्हणतात. तुमच्या घटात इलेक्ट्रॉन मिथेनॉलच्या बाजूने बाहेर पडतात, म्हणजे ती बाजू ऋण झाली. मग ते धनाग्र की ऋणाग्र? की मीच गंडलोय?

---

काचनळी

@प्रश्नचिन्ह, तुम्ही नाही, शब्द गंडलाय. ऑक्सिडीकरण होतं तो अ‍ॅनोड, एवढीच व्याख्या. विद्युतअपघटन करताना, म्हणजे बाहेरून वीज देताना, तो धन असतो आणि तिथूनच 'धनाग्र' हा शब्द आला. घट स्वतः वीज देतो तेव्हा तोच अ‍ॅनोड ऋण असतो. दर वर्षी वर्गात यावर एक तास जातो. म्हणून मी वर 'मिथेनॉलची बाजू' आणि 'हवेची बाजू' म्हटलं आणि सुटले.

---

उंटावरचा

लेख छान, पण मी शेळ्या हाकायला आलोच. घड्याळ ही परीक्षाच नव्हे. भिंतीवरचं घड्याळ इतका नगण्य प्रवाह ओढतं की लिंबांत तांबं-जस्त खोचलं तरी चालतं. पडद्याची खरी ओळख प्रवाह ओढला की होते.

आकडे घेऊ. नाफिऑन ११७ (नाफिऑनचा एक जाड प्रकार) भिजलेला असताना वाहकता सेंटिमीटरला ०.१ सीमेन्सच्या आसपास, जाडी ०.०१८ सेंटिमीटर. जाडीला वाहकतेने भागलं की एका चौरस सेंटिमीटरला ०.१८ ओहम रोध. कायटोसानची वाहकता सल्फ्युरिकचे टाके घातल्यावर ०.०१ धरू (हे उदार होऊन धरलंय) आणि पडदा ०.०१ सेंटिमीटर, म्हणजे नाफिऑनपेक्षा पातळ. तरी रोध १ ओहम. चौरस सेंटिमीटरला १०० मिलिअँपिअर ओढले, तर नाफिऑनमध्ये ०.०१८ व्होल्ट जातात आणि तुमच्या पडद्यात ०.१ व्होल्ट. घट कामावर ०.४ देत असेल, तर पाव हिस्सा पडद्यानेच खाल्ला.

आणि "मिथेनॉल कमी झिरपतं" हे म्हणाल, तर नाफिऑनचा पडदा दसपट जाड करा. झिरपणं दहाव्या हिश्श्यावर येईल, रोध दसपट होईल. कोळंबी न सोलता तेच साधलं! म्हणून वाहकता भागिले झिरपण, हा एकच आकडा बघायचा. झिरपण तिसऱ्या हिश्श्यावर आणि वाहकता दहाव्या हिश्श्यावर, याला यश म्हणत नाहीत. कित्येक शोधनिबंधांच्या सारांशात मात्र पहिला आकडा ठळक असतो आणि दुसरा आत कोष्टकात दडवलेला.

---

सहजच

उंटावरून उतरा हो, ताईंच्या मुलींनी घड्याळ चालवलंय.

---

काचनळी

@उंटावरचा, घड्याळाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मुलींनाही मी तोंडी परीक्षेत तेच विचारलं. भागाकाराचंही मान्य. पण एक गोष्ट तुम्ही सोडलीत. झिरपलेलं मिथेनॉल म्हणजे वाया गेलेला प्रवाह, आणि तो मोजता येतो.

नाफिऑन ११७ची पारगम्यता (झिरपण्याचं माप) दहाचा उणे सहावा घात धरा (सेंटिमीटर वर्ग दर सेकंदाला), द्रावण लिटरला एक मोल. जाडीने भागा, सहा इलेक्ट्रॉनने आणि फॅराडेच्या ९६,४८५ने गुणा. चौरस सेंटिमीटरला ३० मिलिअँपिअरच्या वर येतं. घट नुसता बसून असला तरी एवढं इंधन पलीकडे जाऊन जळतंय. १०० मिलिअँपिअरवर चालणाऱ्या घटात हे एकवेळ खपेल. पण जंगलातला सेन्सर, जो दिवसभरात चार वेळा जागा होऊन दोन-पाच मिलिअँपिअर मागतो, त्याच्या टाकीतलं बहुतेक मिथेनॉल काही न करता संपणार. तिथे तुमचे ते ०.१ व्होल्ट कोण मोजतंय? कमी प्रवाहाला कायटोसान, जास्त प्रवाहाला नाफिऑन, असं मला वाटतं. जाड नाफिऑनही चालेल म्हणा, पण पोस्टकार्डाएवढ्या ११७च्या तुकड्याला आम्ही काही हजार मोजलेत. दसपट जाडीचा घ्यायला आमच्या विभागाचं वर्षाचं बजेट लागेल.

---

उंटावरचा

हं. सेन्सरचा मुद्दा घेतला. इथे उतरलो उंटावरून.

---

इसारतीर

म्यूनिकजवळ राहतो. इथे जवळच ब्रुनथाल म्हणून गाव आहे, तिथली एसएफसी कंपनी याच प्रकारचे घट एफॉय नावाने विकते. कॅम्पिंगच्या गाड्यांत असतात. शेजाऱ्याच्या गाडीत आहे, म्हणून जवळून पाहिलाय. बुटाच्या मोठ्या खोक्याएवढा डबा, शेजारी ५ किंवा १० लिटरचा मिथेनॉलचा कॅन. बॅटरी उतरली की आपोआप सुरू होतो, आवाज फ्रिजएवढा, धुराड्यातून कोमट वाफ. एका युनिटला ०.९ लिटर मिथेनॉल लागतं असं कंपनी सांगते.

एका लिटरमध्ये मुळात ४.४ युनिट ऊर्जा असते. म्हणजे पावभर वीज, बाकी उष्णता. थंडीत शेजारी त्या उष्णतेवर पाय शेकतो, तेव्हा अगदीच वाया जात नाही.

जपानमध्ये तोशिबाने २००९मध्ये डायनारिओ नावाचा मोबाइल चार्जर काढला होता, मिथेनॉल ओतून चालणारा. फक्त ३,००० नग काढले. त्यानंतर पॉवर बँका स्वस्त झाल्या आणि तो विषय संपला.

---

बंदरावरचा

काचनळीताई, आमचा मासळीचा धंदा. सोललेल्या कोळंबीचं डोकं-सालं वजनाला निम्म्याच्या जवळ जातात. ते खत नि कोंबडीखाद्यवाले उचलतात, भाव विचारू नका. तुम्हाला पोती हवी असतील तर सांगा, पण ताजी उचलायला हवीत. दुपार झाली की तुमच्या प्राचार्यांना घरी बसावं लागेल.

एक शंका. साल कुठलंही चालतं? चिंबोरीचं, शेवंडीचं? आणि सोडे करताना जी सालं निघतात ती?

---

काचनळी

@बंदरावरचा दादा, प्राचार्यांना वाचून दाखवते :) कायटिन सगळ्यांत असतं. चिंबोरीच्या कवचात चुना जास्त, त्यामुळे आम्ल जास्त खपतं. कोळंबीचं साल पातळ असल्यामुळे लवकर होतं. सोड्याची चालतात, पण उन्हात केशरी रंग पक्का बसतो आणि पडदा गाजरासारखा येतो. कामात फरक नाही, दिसायला वाईट.

आपल्याकडे हे नवीन नाही बरं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या सालांपासून कायटोसान करायची पद्धत कधीचीच बसवली आहे.

---

नागमोडी

शाकाहारी मंडळींसाठी: १८११मध्ये ब्राकोनो या फ्रेंच माणसाला कायटिन पहिल्यांदा सापडलं ते अळंबीत. श्रावणात प्रकल्प असेल तर अळंबी घ्या.

आणि सगळी चर्चा कायटोसानवरच का? तपकिरी समुद्रशेवाळातून अल्जिनेट निघतं. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेच्या गटाने २०१०मध्ये मिथेनॉल घटासाठी सोडियम अल्जिनेटचे पडदे करून छापलेत. तिथली युक्ती अशी की जैवबहुवारिक (काय शब्द आहे! बायोपॉलिमरच म्हणतो) एकटा वापरायचा नाही, पीव्हीए नावाच्या कृत्रिम पॉलिमरबरोबर त्याची वीण घालायची. एक ताकद देतो, दुसरा वाट.

हेटरोपॉलिअ‍ॅसिड नावाच्या मोठ्या रेणूंच्या आम्लांची युक्तीही याच कुळातली. फॉस्फोटंगस्टिक आम्ल प्रोटॉनचं फर्मास वाहक, पण पाण्यात विरघळतं, त्यामुळे नाफिऑनमध्ये घातलं तर हळूहळू धुऊन जातं. कायटोसानच्या अमिनो गटांना मात्र ते असं चिकटतं की दोघांचं मिळून न विरघळणारं काहीतरी होतं.

---

सहजच

प्रोटॉन पडद्यातून "जातो" म्हणजे नक्की काय करतो? भोकं नाहीत म्हणता, मग?

---

नागमोडी

@सहजच, गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि बादली हातोहात पुढे जाते. माणूस जागचा हलत नाही. प्रोटॉन तसा एका पाण्याच्या रेणूकडून दुसऱ्याकडे जातो. ग्रोटहुसने १८०६मध्ये असल्या हातोहात सरकण्याची कल्पना मांडली होती, तेव्हा प्रोटॉन माहीतही नव्हता! दुसरा प्रकार म्हणजे प्रोटॉन पाण्याच्या रेणूच्या खांद्यावर बसून आख्खा जातो. नाफिऑनमध्ये या दुसऱ्या प्रकारात पाणी ओढलं जातं आणि पाण्याबरोबर मिथेनॉलही. कायटोसानमध्ये अमिनो आणि हायड्रॉक्सिल गटही रांगेत हात लावतात. पण रांग विरळ, म्हणून बादली हळू.

---

काचनळी

पेपर संपले. आता घड्याळ का थांबलं ते.

घट उघडले. चारातले तीन पडदे शाबूत, चौथ्याला कडेला, जिथे रबराचा गॅस्केट दाबतो तिथे, केसाएवढी चीर. ओला कायटोसान फुगतो. शुक्रवारी घट्ट आवळला तेव्हा पुरता फुगलेला होता. आवळल्यावर बाहेर राहिलेली कड रात्री पंख्याखाली वाळली, आकसली आणि गॅस्केटच्या रेषेवर फाटली. घट एकसर जोडलेले, त्यामुळे एक गेला की सगळे गेले.

नंतर पडदा गॅस्केटच्या आतच कापला आणि कड ओली ठेवली. तेव्हा घट नऊ दिवस चालला. प्रवाह मात्र रोज थोडाथोडा उतरत गेला. यातलं किती पडद्यामुळे आणि किती इलेक्ट्रोडमुळे, हे वेगळं करायचं साधन आमच्याकडे नाही. एक कारण मला पक्कं दिसतं. नाफिऑनला इलेक्ट्रोड सव्वाशे अंशांच्या आसपास गरम दाबून चिकटवतात, कारण तो त्या तापमानाला मऊ होतो. कायटोसान मऊ होतच नाही, तापवत गेलं तर न वितळता सरळ करपतो. त्यामुळे आमचा इलेक्ट्रोड पडद्यावर नुसता टेकलेला. ओल्या भिंतीवर वर्तमानपत्र थापल्यासारखा. बुडबुडे आले की सुटतो.

आणि आयुष्याचा प्रश्न वेगळाच. हवेच्या बाजूला थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, त्यातून जहाल रॅडिकल (दिसेल त्या बंधावर तुटून पडणारे अर्धवट रेणू) निघतात. नाफिऑनलाही ती थोडंफार कुरतडतात, पण कार्बन-फ्लोरिन बंधांमुळे तो बराच तग धरतो. कायटोसान म्हणजे शेवटी साखरेची माळ. आम्ल आणि रॅडिकल मिळून तिचे मणी सोडवतात. फेंटनची कसोटी (अशी रॅडिकल मुद्दाम तयार करून पडदा किती टिकतो ते बघायचं) करून पाहिली: ३ टक्के पेरॉक्साइड, त्यात लोहाचा चिमूटभर क्षार, ८० अंश. नाफिऑनचा तुकडा तसाच राहिला. आमचा पडदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दिसेनासा झाला. मुलींना वाटलं कुणीतरी काढून नेला.

---

उंटावरचा

हे फेंटनचं लिहिलंत याबद्दल सलाम. बरेच जण हा भागच वगळतात.

तरी तुमच्या बाजूने एक बोलतो. युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी जानेवारी २०२३मध्ये पीफास रसायनांवर (कार्बन-फ्लोरिन बंधांची, निसर्गात सहज न मोडणारी) निर्बंधाचा प्रस्ताव दिला, आणि नाफिऑन त्याच कुटुंबातला. जी गोष्ट नाफिऑनला टिकाऊ करते, तीच तो कचऱ्यात गेल्यावर त्रासाची. तुमचा पडदा निदान मातीत कुजतो.

---

काचनळी

मातीतच काय, घटातही कुजतो, हेच तर दुखणं आहे.

---

प्रश्नचिन्ह

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधनघटाचं काम चालतं ना? २०२२मध्ये बस दाखवली होती. ती यावरच का?

---

नागमोडी

ती बस हायड्रोजनवरची, केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर (ही प्रयोगशाळा जिची, ती केंद्राची संशोधन परिषद) यांची मिळून. तिथे मिथेनॉल झिरपण्याचा प्रश्नच नाही. बससाठी कायटोसानचा विचार मीही करणार नाही.

---

आईची_वही

माझा मुलगा नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात हेच करायचं म्हणून हटून बसलाय. घरी करू देऊ का?

---

काचनळी

@आईची_वही, मिथेनॉल घरी आणू नका. अजिबात नाही. २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते मिथेनॉलच होतं. दिसायला पाण्यासारखं, वास साध्या स्पिरिटसारखा, ज्योत उजेडात दिसत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि आधी डोळे जातात. ५० टक्के कॉस्टिकही मुलाच्या हातात नको.

पण पडदा जरूर करू दे. तयार कायटोसान पूड मिळते. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये ती घोळायची आणि काचेच्या बशीत ओतून वाळवायची. मग त्या पडद्याचे दोन तुकडे करायचे. एक तसाच पाण्यात टाकायचा. दुसरा आधी तासभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवायचा, धुवायचा आणि मग पाण्यात टाकायचा. एकाचा शेंबूड आणि दुसरा शाबूत, हे पाहिल्यावर परीक्षक पुढचे प्रश्न आपणच विचारतील.

आणि बशीखाली पाणसळ धरायला सांगा त्याला.

---

बंदरावरचा

ताई, शनिवारी पहाटे दोन पोती ठेवलीत तुमच्यासाठी, बर्फात. साडेसहाच्या आत या.